एक चमचा टाकलास की मीठ नको

७ जानेवारी. वजन ४९.१

ही वही दवाखान्यातल्या सिस्टरने दिली. तीन रकाने आखून दिलेत: तारीख, सकाळचं वजन, दिवसभरात प्यायलेलं पाणी. अम्मीला, म्हणजे माझ्या सासूला, काल घरी सोडलं. हृदय कमजोर झालंय, फुप्फुसात पाणी भरलं होतं, आठ दिवस नळी लावून होती. आता रोज चहाच्या आधी तिला काट्यावर उभं करायचं आणि आकडा लिहायचा. पाणी मोजून द्यायचं. मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद. महिन्याने वही घेऊन दाखवायला जायचं. औषधांचा कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, बाकीचे फाइलीत.

रकाने एवढेसे आणि पान केवढं! मोकळी जागा बघून मला राहवत नाही. शाळेत डायरी लिहायचे, लग्न झालं नि सुटली. राजिवड्याच्या या घरात आम्ही दोघीच. डॉक्टरबाई आकडेच बघतील, खालचं कोण वाचतंय?

अद्नानला काही सांगितलेलं नाही. माझा नवरा जहाजावर चीफ कुक आहे, सध्या जपानच्या बाजूला. आमच्यात रीतच आहे, जहाजावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तिकडून तो करणार काय, उडी मारून पोहत येणार? अम्मीचं पहिलं मूल गेलं तेव्हा सासरे जहाजावर होते. तिने चार महिने कळू दिलं नाही. पत्रात लिहायची, मुलगी बरी आहे, रांगायला लागली. आता अद्नानला एवढंच माहीत की अम्मीला जरा अशक्तपणा आलाय. हे सांगताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, त्याचंच वाईट वाटलं.

११ जानेवारी. वजन ४८.४

"ही मासळी हाय की भिजवलेला पुठ्ठा?"

अम्मीने ताट सारलं. तिचं चुकत नाही. जिने चाळीस वर्षं खारा बांगडा नि सुकट विकली, जिच्या नखांतून मीठ कधी गेलं नाही, तिच्या पुढ्यात मी बिनमिठाचा सरंगा ठेवते. लिंबू पिळलं, कोकम टाकलं. ती म्हणाली, "आंबट पुठ्ठा."

१५ जानेवारी. वजन ४७.६

दोन घास. तेही मी चिडले म्हणून.

आज माझ्याकडून एक वाईट गोष्ट झाली. दुपारी अम्मी झोपली म्हणून मी दार लोटून खारा बांगडा भाजला आणि भाकरीबरोबर उभ्याउभ्या खाल्ला. बाहेर आले तर ती जागीच. म्हणाली, "वास आला गो. खा तू. माझ्यासाठी कशाला उपाशी मरतंस?" शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

वजन रोज खाली. काटा असाच उतरत गेला तर महिन्याने डॉक्टरबाई काय म्हणतील? आणि मोहल्ल्यातली माणसं? सुनेने म्हातारीला उपाशी मारली!

१८ जानेवारी. वजन ४७.५

देवरूखचा महिपत आला होता. अद्नानच्या जहाजावर इंजिनाकडचा ऑइलर, करार संपवून घरी आलाय. त्याच्याबरोबर अद्नानने बाम, चॉकलेट आणि एक बाटली पाठवली. काळं पाणी, वर जपानी अक्षरं, कडेला हिरवा शिक्का.

रात्री जेवणाआधी अद्नानचा फोन आला. खुशीत होता. योकोहामाला उतरून त्याने ती बाटली एका जुन्या दुकानातून घेतली. सोया सॉस. मी म्हटलं, तो तर इथे चायनीजच्या गाडीवर बादलीभर मिळतो. तर केवढा रागावला!

"अगं, ते रंगाचं पाणी. हे सेंद्रिय सोयाबीन नि गव्हाचं. लाकडी पिंपात दोन उन्हाळे मुरवतात, घाई नाही, केमिकल नाही. नुसती मासळी वाफव, आलं-लसूण घाल आणि गॅस बंद करताना हे टाक. आधी टाकलंस तर वास उडून जातो. आणि ध्यानात ठेव, एक चमचा टाकलास की मीठ नको."

"मीठ नको?"

"अजिबात नको."

फोन ठेवला. या अल्ला, मी मागितलं आणि तू समुद्रापलीकडून पाठवलंस!

१९ जानेवारी. वजन ४७.५

दारावर येणाऱ्या मासळीवाल्या आवडाबाईंनी ताजा सरंगा दिला. मोदकपात्रात हळदीच्या पानावर वाफवला. आलं, लसूण, एक हिरवी मिरची. गॅस बंद केला आणि चमचाभर ते टाकलं. काय वास आला! भाजलेल्या गव्हाचा, जुन्या लाकडाचा, आणि खाली कुठेतरी गुळासारखा. ताटात तांबूस काळा रस्सा उतरला, आमसुलाच्या आगळासारखा.

मिठाच्या डब्याला मी हात लावला नाही. शपथेवर सांगते.

अम्मीने पहिला घास घेतला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून जेवत राहिली. काटे चोखले. भात परत मागितला. महिन्याभरात पहिल्यांदा परत मागितला! मी आत जाऊन रडले.

२० जानेवारी. वजन ४७.८

आज लेबलावर फोन धरला, त्यात भाषांतर होतं. पुढच्या बाजूला "अस्सल मद्यनिर्मिती" असे शब्द उमटले. मागच्या बाजूला: सेंद्रिय सोयाबीन, सेंद्रिय गहू, मीठ. मीठ सगळ्यात शेवटी लिहिलंय, म्हणजे नावापुरतं असणार. पण मद्य? पाच वक्त नमाज पढणाऱ्या बाईला मी काय खाऊ घातलं? अद्नानला तरी अक्कल नको? बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. तौबा केली.

२४ जानेवारी. वजन ४७.४

चार दिवस बाटली बंद. चार दिवस परत पुठ्ठा. अम्मी काल चहावरच राहिली.

आज जुम्याच्या नमाजनंतर अकबरचाचांकडे गेले. शाळेत अरबी शिकवायचे, आता निवृत्त, लोक अजून धर्माचे मसले विचारायला त्यांच्याकडे जातात. बाटली पिशवीत लपवून नेली, जशी काय चोरी. त्यांनी हुंगली, चष्मा वर करून बघितली, हसले.

"झारा, आंबवलं की आपोआप थोडा अंश येतो. त्याने नशा होत नाही. सिरका, व्हिनेगर, आपण खातोच की. कुणी वरून दारू ओतली असती तर गोष्ट वेगळी. पुष्कळ आलिम याला हरकत घेत नाहीत. तरी मन खात असेल तर सोडून दे."

मन खायचं कुठे राहिलं? मी उठलेच. दारात त्यांनी विचारलं, "आजारी माणसाला देतेस, डॉक्टरांना विचारलंस ना?"

मी "हो" म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे. परत कोण प्रश्न वाढवणार.

संध्याकाळी कोळंबी. दोन चमचे.

२७ जानेवारी. वजन ४८.८

वाढलं! तीन दिवसांत जवळपास दीड किलो. काट्यावरून उतरवून मी अम्मीची पप्पी घेतली. ती म्हणाली, "येडी झालंस काय?" पण हसली.

आता हात बसलाय. सकाळी पेजेत अर्धा चमचा. दुपारी मासळीला. संध्याकाळी अंड्याला नाहीतर वांग्याला. वांग्यावर तर असा बसतो की बस. तिला तहान लागते, पण मी पाण्याचं माप मोडलेलं नाही.

३० जानेवारी. वजन ५०.२

अम्मीची चांदीची अंगठी बोटातून निघेना. साबण लावून काढली. मी म्हटलं, बघ, अंग भरतंय! डिसेंबरात हीच अंगठी दोरा गुंडाळून घालत होती.

आवडाबाई टोपली उतरवताना म्हणाल्या, "म्हातारीचं तोंड सुजल्यावानी दिसतंय गो." यांना काय, सुनेने सासूला सांभाळलेलं बघवत नाही. मी कोळंबी न घेताच दार लावलं. मग वाईट वाटलं, पण हाक मारली नाही.

२ फेब्रुवारी. वजन ५१.७

थंडीचा खोकला आलाय अम्मीला. उताणं झोपता येत नाही म्हणते, तीन उशा घेते. चपला पायात शिरत नाहीत, आता दुसऱ्या आणायला हव्यात, एक नंबर मोठ्या. चार दिवसांनी दाखवायला जायचंय. डॉक्टरबाईंना हे आकडे कधी दाखवते असं झालंय. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटतंय.

६ फेब्रुवारी

काल फजरला, पहाटेच्या नमाजला, अम्मी मुसल्यावर बसली ती उठलीच नाही. सजद्यात वाकली आणि श्वास अडकला. छातीत घर्र घर्र, ओठ निळे. रिक्षाने दवाखान्यात आणलं. परत नळी, परत मशीन. पायावर सिस्टरने बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला, भरेना. मी तो खड्डा बघत बसले.

वजन घ्यायला काट्यावर उभी राहीना. सिस्टर म्हणाली, "सगळं पाणी आहे हो हे, अंगात साचलेलं."

पाणी. पाच किलो पाणी. मी काय समजत होते!

फाइलीतला कागद आत्ता वाचला. दुसऱ्या पानावर, जाड अक्षरात: तीन दिवसांत एक किलोहून जास्त वजन वाढल्यास ताबडतोब संपर्क साधा. मराठीतच आहे.

७ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा काय मागितलं असेल तर ही वही.

"घरी राहिली," मी म्हटलं. वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर होती.

आकडे दाखवायची मला भीती नाही. पण आकड्यांच्या खाली वीस जानेवारीचं पान आहे. माझ्याच हाताने लिहिलंय, मीठ सगळ्यात शेवटी आहे म्हणजे नावापुरतं. मी वाचलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणताच येणार नाही. मद्याचा शब्द बघून मी चाचांच्या दारापर्यंत गेले, आणि मिठाचा शब्द बघून पुढे गेले, कारण मला तो बघायचा नव्हता. अम्मी जेवत होती आणि मला शाबासकी हवी होती.

"गोळ्या वेळेवर देता ना? पथ्य पाळता ना?"

"हो."

"मग हे एवढं का झालं, मला कळत नाही." त्या खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या. गोळ्या बदलल्या. झडप बिघडली असेल तर नळी घालून तपासावं लागेल, म्हणाल्या, कोल्हापूरला हलवावं लागेल. परवा अ‍ॅम्ब्युलन्स ठरवतो. या वयात, आंबा घाटाच्या वळणांतून, असल्या छातीची म्हातारी! आणि तपासायचं काय तर जे माझ्या पर्समध्ये लिहिलेलं आहे.

मी तरीही बोलले नाही. हे पण लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी

आज सकाळी वही दिली.

कोल्हापूरच्या कागदावर माझी सही घ्यायला सिस्टर आली. अम्मीने तोंडावरचा मास्क बाजूला करून मला विचारलं, "तिकडं मेले तर मला इकडं आणशील ना गो?" मी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरले. बाहेर रांग होती. वही टेबलावर ठेवून म्हटलं, "घरी नव्हती राहिली. सगळं वाचा. खालचं पण."

त्यांनी सगळं वाचलं. मी उभीच. मग त्यांनी टेबलावरचा छोटा चमचा उचलून मला दाखवला.

"त्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात असा जवळजवळ अर्धा चमचा मीठ असतं. सेंद्रिय असो नाहीतर नसो. मिठाशिवाय ते दोन वर्षं टिकेल कसं?"

मासळी विकणाऱ्या घरची सून मी. मिठाशिवाय काही टिकत नाही, हे मला जपानहून कुणी सांगायला हवं होतं?

कोल्हापूर रद्द केलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सत्तावीस तारखेला फोन केला असतात तर एका इंजेक्शनवर भागलं असतं. आणि परवा ही वही दिली असतीत तर दोन दिवस वाचले असते." मग पडद्यावर हृदयाचा फोटो दाखवला. डिसेंबरात पस्तीस टक्के चालत होतं, आता पंचवीस. मी विचारलं, दहा टक्के परत येतील? "बहुतेक नाही," म्हणाल्या.

बहुतेक नाही.

१२ फेब्रुवारी. वजन ४९.०

पाणी उतरलं. अम्मी उशीला टेकून बसली. मी तिचे पाय धरले आणि सांगून टाकलं. बाटलीत मीठ होतं, मी वाचलं होतं, तरी घातलं.

ती म्हणाली, "मला काय तू शिकवतंस? चाळीस वर्षं मासळी खारवली मी. पहिल्या घासाला समजलं."

"मग बोलली का नाहीस?"

"चव व्हती गो. आणि तुझं तोंड बघितलं असतंस तर तू पण बोलली नसतीस." जरा दम घेतला. "अद्नानला सांगू नको. पोराने मायेने पाठवलंय. तो तिकडं समुद्रात, त्याचं मन खाईल."

मी काही कबूल केलं नाही.

१५ फेब्रुवारी. वजन ४८.२

घरी आलो. पायरी चढताना अम्मी दोनदा बसली. पूर्वी ती बाजारातून डोक्यावर टोपली घेऊन एका दमात चढायची. आता अंगणापर्यंत जाणं म्हणजे तिचा दिवसाचा प्रवास. तिची खाट पुढच्या खिडकीपाशी आणली, भाट्याच्या खाडीतल्या होड्या तरी दिसतील.

दुपारी अद्नानचा फोन. पहिलं वाक्य: "अम्मीला आवडलं ना? आणखी दोन बाटल्या घेतल्यात."

अम्मी खाटेवरून मान हलवत होती, नको, नको. मी तिच्याकडे पाठ केली आणि सांगितलं. डिसेंबर, फुप्फुस, मीठ बंद, सरंगा, आकडे, पर्समधली वही. सगळं. 

मग म्हणाला, "झारा, इथे दोन माणसं बीपीची आहेत. त्यांच्या ताटाला मी ते लावत नाही. त्यांचं वेगळं शिजवतो, आधी त्यांचं काढतो मग बाकीच्यांना सॉस. सहा महिने करतोय. तू मला नुसतं सांगितलं असतंस."

मी म्हटलं, "तुला काळजी लागली असती."

"लागू दे ना! माझी आई आहे ती." त्याचा आवाज फुटला. मग म्हणाला, "आजचं वजन किती?"

अठ्ठेचाळीस पॉइंट दोन, मी सांगितलं. तो म्हणाला, उद्यापासून रोज सांगायचं, रेंज असो नसो, मेसेज टाकायचा.

अम्मी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

१९ फेब्रुवारी. वजन ४७.९

अद्नानने त्या दोन माणसांसाठी काय काय करतो ते लिहून पाठवलं. लसूण आधी सुकी भाजायची. लिंबाची साल किसून घालायची. मिरी जाडी कुटायची. मासळी तव्यावर चांगली करपू द्यायची. आज मांदेली तशी केली. अम्मी म्हणाली, "पुठ्ठाच हाय. पण लसणीचा." आठ मांदेली खाल्ल्या.

आवडाबाईंना स्वतःहून हाक मारली. त्यांनी विचारलं, म्हातारी कशी आहे. मी म्हटलं, तुम्ही बोलला होतात, मी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "होतंय असं." आणि मापावर चार मांदेली जास्त टाकल्या. त्यामुळे मला जास्तच लागलं.

बाटली अजून फळीवर आहे. अर्धी. ओतवत नाही.

२२ फेब्रुवारी. वजन ४८.०

अम्मीने आज वही वाचून दाखवायला लावली. तिला मराठी वाचता येत नाही, उर्दूच येते. पहिल्या पानापासून वाचली. आवडाबाईंच्या 'तोंड सुजल्यावानी'ला ती हसली, अंगठीला हसली. वीस जानेवारीचं पान मी गाळणार होते, पण नाही गाळलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाली, "माझं पण लिहिलंस ना? मला पहिल्या घासाला समजलं व्हतं, ते?"

"लिहिलंय."

"मग झालं. एकटीने कशाला वाहतंस?"

एवढं बोलून तिने खिडकीकडे तोंड केलं. मी वही मिटली आणि भांडी घासायला गेले. घासता घासता एकोणीस जानेवारीचा तो पहिला घास आठवत राहिले. ती थांबली होती, माझ्याकडे बघितलं होतं. तेव्हा तिला समजलं होतं, की नुसती चव लागली म्हणून बघितलं? ही तीच बाई आहे जिने मेलेल्या पोरीला चार महिने पत्रांतून रांगायला लावलं, नवऱ्याचं मन दुखू नये म्हणून. तिला कुणाला हलकं करायचं असलं की खरं काय आणि खोटं काय, ते तिच्या तोंडावर दिसत नाही. मी विचारलं तर ती हेच परत सांगेल. म्हणून मी विचारणार नाही.

अद्नानला मेसेज टाकला: ४८.०.